आठवडा सेहेचाळीस

रूनार नावाचा तो पोरगा, बाह्या दुमडलेल्या,
स्क्रीन आमच्याकडे वळवतो आणि म्हणतो,
आता खरी मजा.
खरी मजा म्हणजे चौकोन.
रिकामे, प्रत्येकापुढे किंमत,
आणि कोपऱ्यात एक बेरीज,
आम्ही नुसता श्वास घेतला तरी वाढणारी.

आम्ही आपली गाडी घ्यायला आलो होतो.
लांब पाठीची, मागे सामानाला ऐसपैस जागा,
एस्तरसुंदमधल्या अर्ध्या घरांपुढे उभी असते तशी.
पण नुसती गाडी म्हणे पांढरी असते.
बाकी कुठल्याही रंगाला नऊ हजार क्रोनर.
पांढरी गाडी इथे, मी म्हटलं,
नोव्हेंबर ते एप्रिल सापडणार कशी?
रूनार हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

इंजिनाच्या हीटरवर वाद नाही.
उणे सत्तावीसला ज्याच्याकडे तो नसतो
त्याला बसथांब्यावर शहाणपण येतं.
होकान अडतो तो काचेच्या छतापाशी.
तारे दिसतील, म्हणतो.
हा माणूस रात्री नऊला झोपतो.
वीस वर्षांत यानं वर पाहिलं असेल
ते पन्हळीला बर्फ किती लोंबतोय ते बघायला.
मी गप्प. चौकोनात खूण उमटते.
हौसेला मोल नसतं.
असतं. चौदा हजार पाचशे.

कुत्र्यासाठी जाळी?
नको. लुस्से गेली तेरा वर्षं मागच्या सीटवर
मधोमध बसते, पाटलीणबाईंसारखी.
आता या वयात तिला डिकीत कोण बसवणार, तू?

मग ट्रेलरचा हुक.
ट्रेलर आमचा नाही, त्याच्या भावाचा,
मागून आणायचा आणि धुऊन परत करायचा.
टुवाचं सामान न्यायचंय गोटेबोर्गला, होकान सांगतो,
पलंग, सायकल, ती तिची लिंबाची कुंडी.
खूण.
गाडी येईल कधी?
रूनार दोन-तीन कळा दाबतो. आठवडा सेहेचाळीस.

इथे आम्ही वर्ष आठवड्यांनीच मोजतो,
त्यामुळे हिशेबाला वेळ लागत नाही.
टुवा जाणार पस्तिसाव्यात.
एस्किल तर गेल्या वर्षीच गेला, किरुनाच्या खाणीत.
फोन करतो, रविवारी, भांडी घासता घासता.
म्हणजे पाचजणांची गाडी येईल तेव्हा
आम्ही दोघं असू. आणि लुस्से, असली तर.

रूनारला यातलं काही ठाऊक नाही.
तो भला मुलगा आहे, माउसवर बोट धरून थांबलाय.
हुक ठेवायचा ना?
होकान अंगठ्यानं टेबलाची कड चोळत राहतो,
लाकूड नीट तासलंय का बघावं तशी.
राहू दे, म्हणतो.
सामानाला परतही यावं लागतं.

तेवढ्यात मीच म्हणाले, मागच्या सीटही गरम हव्यात.
चार हजार दोनशे, रूनार म्हणाला, मागे लहान मुलं असतात का?
नाही.
मग?
मग काय. हव्यात.
होकाननं माझ्याकडे पाहिलं नाही. खूण मात्र त्यानंच केली,
माउस त्या पोराच्या हातून घेऊन.

बाहेर जुनी गाडी.
लुस्सेच्या श्वासानं काच पांढरी झालेली,
पुढच्या सीटच्या पाठीवर एस्किलनं किल्लीनं कोरलेला
उलटा एस. तेव्हा लिहायला शिकत होता.
मी मागचं दार उघडलं, लुस्सेला सरकवलं,
तिनं नाराजीनं सहा इंच जागा दिली.

पुलावर आलो तेव्हा आरशातून विचारलंन्,
मागे का बसलीस?
मी म्हटलं, बघतेय
इथे नेमकं किती गार असतं.
त्यानं हीटर एक घर वाढवला.
ऊब मागे पोचेपर्यंत घर आलं.